भाव पडला, डिव्हिडंड चालू आहे. मग शेअर धरून ठेवायचा का?

प्रश्न थोडक्यात असा: यावल तालुक्यातले ६१ वर्षांचे एक वाचक औष्णिक वीज केंद्रातल्या नोकरीतून निवृत्त झाले आहेत. ईपीएस-९५ ची (भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली) पेन्शन महिना ३,१०० रुपये. तीन एकर शेती बटाईने दिलेली, तिचं उत्पन्न कधी लाखभर, कधी काहीच नाही. निवृत्तीच्या पैशांपैकी १४ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, १० लाख बँकेत ७ टक्क्यांच्या मुदत ठेवींत आणि सुमारे ३ लाख म्युच्युअल फंडात आहेत. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी केंद्र सरकारच्या मालकीच्या एका वीज कंपनीचे २,४०० शेअर सरासरी ३१० रुपयांनी घेतले. आज भाव २२५ आहे. डिव्हिडंड (कंपनी नफ्यातून भागधारकांना देते तो वाटा) दोन्ही वर्षी शेअरमागे साडेनऊ रुपये मिळाला. पुण्याचा मुलगा म्हणतो, सगळं विकून मोकळे व्हा. वाचकांचं म्हणणं, "वीज काही बंद होत नाही, कंपनी सरकारी आहे, विकलं नाही तोवर तोटा कसला? उलट पुढच्या महिन्यात ४ लाखांची ठेव मोकळी होते, तीही यातच घालून सरासरी खाली आणतो." घरखर्च महिना २८ हजार. धरावं, वाढवावं की विकावं? (कंपनीचं नाव मुद्दाम वगळलं आहे.)

भाऊ, आधी त्या ४ लाखांचं बोलू, कारण ती तारीख जवळ आली आहे.

ठेवीवर आज तुम्हाला वर्षाला २८ हजार व्याज मिळतं. त्याच ४ लाखांत २२५ च्या भावाने १,७७७ शेअर येतील आणि साडेनऊ रुपयांप्रमाणे त्यांचा डिव्हिडंड होईल १६,८८१ रुपये. म्हणजे घरात नियमित पैसा यावा म्हणून जे करायला निघालात, त्याने घरात येणारा पैसा वर्षाला ११ हजारांनी कमी होतो. सरासरी ३१० वरून २७४ वर येईल हे खरं, पण सरासरी हा फक्त वहीतला आकडा आहे. दुसरीकडे, तुमच्या एकूण ३२ लाख ४० हजारांपैकी आज ५ लाख ४० हजार, म्हणजे साधारण १७ टक्के, या एका शेअरमध्ये आहेत. ४ लाख घातले की ते २९ टक्के होतील. निवृत्तीनंतर एका कंपनीवर एवढा भार टाकू नये, कंपनी कितीही चांगली असली तरी. तेव्हा ४ लाख घालू नका. या एका गोष्टीबद्दल माझ्या मनात शंका नाही. बाकीचा विचार सावकाश करता येईल.

"विकलं नाही तोवर तोटा नाही" हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलं आहे. रावेर-सावद्याच्या बाजारात केळीचा आजचा भाव निघतो तेव्हा टिश्यूच्या रोपांना आणि ठिबकला तुमचे किती गेले हे कोणी विचारत नाही. शेअर बाजारालाही तुमची ३१० ची खरेदी माहीत नाही. तुमच्याकडे आज ७ लाख ४४ हजार नाहीत, ५ लाख ४० हजार आहेत, मग ते शेअरच्या रूपात ठेवा की रोख. म्हणून स्वतःला प्रश्न असा विचारा: आज कोणी मला ५ लाख ४० हजार रोख हातात दिले, तर मी त्या सगळ्याचा हाच शेअर घेईन का? उत्तर "हो, सगळ्याचा" असेल तर धरा. "थोड्याचा घेईन" असेल तर तेवढाच ठेवा. तुमच्या पत्राचा सूर पाहता तुमचं प्रामाणिक उत्तर "थोड्याचा" असावं असं मला वाटतं.

भाव २७ टक्के पडला, पण परत ३१० व्हायला त्याला आजच्या पातळीवरून जवळजवळ ३८ टक्के चढावं लागेल. तो चढलाच नाही आणि तूट नुसत्या डिव्हिडंडमधून भरून काढायची म्हटलं, तर ८५ रुपयांना साडेनऊने भागा: नऊ वर्षं. तेवढी वर्षं डिव्हिडंड एक पैसाही कमी झाला नाही, असं धरून.

आता डिव्हिडंडच्या टक्क्याचं. तुम्ही लिहिलंय की मोबाइलवर यील्ड (भावाच्या तुलनेत डिव्हिडंडचा टक्का) आता सव्वाचार टक्के दिसतं आणि ते वाढतंय. ते वाढलं ते भाव पडल्यामुळे. साडेनऊ रुपये भागिले २२५ म्हणजे ४.२ टक्के. तुमच्या खात्यात तेच २२,८०० येतात आणि तुम्ही गुंतवलेल्या पैशावर ते ३.०६ टक्केच पडतात. ज्या महिन्यात तुम्ही तीन टक्के डिव्हिडंडचा शेअर घेतला, त्याच महिन्यात बँक सात टक्के देत होती. म्हणजे खरेदी डिव्हिडंडसाठी झालेली नव्हती, भाव वाढेल या आशेने झाली होती. त्यात वाईट काही नाही, बहुतेकांची खरेदी तशीच असते. पण भाव पडल्यावर "मी तर डिव्हिडंडसाठीच घेतला होता" असं म्हणायला लागलो की निर्णय चुकायला लागतात.

"वीज लागणारच" या मुद्द्याकडे वळतो. इथे तुमचा अनुभव कामाचा आहे. विजेची मागणी राहणार यात वाद नाही, पण अशा कंपनीचा नफा मागणीवर ठरत नाही, नियामकाच्या सूत्रावर ठरतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२४ ते २०२९ च्या दरनियमांत प्रकल्पाचा खर्च ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के स्वतःचं भांडवल असा धरतात. औष्णिक केंद्राच्या त्या ३० टक्के भांडवलावर १५.५ टक्के परतावा मंजूर आहे. १ एप्रिल २०२४ नंतर सुरू होणाऱ्या नव्या पारेषण (वीज वाहून नेणाऱ्या लाइनींच्या) प्रकल्पांना तो १५ टक्के केला आहे. अव्हेलेबिलिटी (केंद्र वीज द्यायला किती तयार होतं) आणि पीएलएफ (प्रत्यक्षात किती वीज बनवली) यांतला फरक तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही: बहुतेक कोळसा केंद्रांना ८५ टक्के अव्हेलेबिलिटी दाखवली की पूर्ण स्थिर आकार (केंद्राच्या ठरावीक खर्चाचे आणि परताव्याचे पैसे) मिळतो, मग मागणीअभावी युनिट कमी लोडवर चाललं तरी. बॉयलर ट्यूब फुटून अव्हेलेबिलिटी घसरली, तर मात्र मागणी कितीही असो, आकार कापला जातो. म्हणून उन्हाळ्यात विजेची मागणी वाढल्याच्या बातम्या वाचून या शेअरचा अंदाज बांधू नका.

याच सूत्रात भाव पडण्याचं एक साधं कारण दडलेलं आहे. कंपनीच्या १०० रुपये भांडवलावर १५.५ रुपये मिळतात. ते १०० रुपयांचं भांडवल तुम्ही बाजारात १०० ला घेतलं तर तुमच्या पैशावर १५.५ टक्के. पण २५० ला घेतलं तर ६.२ टक्के. कंपनी तीच, वीज तीच, सूत्र तेच. २०२३ पासून २०२४ च्या मध्यापर्यंत सरकारी वीज कंपन्यांचे शेअर फार वेगाने चढले आणि लोक बुक व्हॅल्यूच्या (कंपनीच्या वहीतल्या भांडवलाच्या) कितीतरी पट द्यायला तयार झाले. तुमची खरेदी त्या तेजीच्या अगदी शेवटची आहे. घसरणीचा मोठा भाग हा तो फुगवटा उतरण्याचा असू शकतो. तसं असेल तर कंपनीत बिघाड नाही, तुम्ही महाग घेतलं एवढंच. मग आजच्या भावाला घाबरून विकण्याचं कारण राहत नाही, तसंच ३१० पुन्हा येईलच असं धरून बसण्याचंही राहत नाही.

पण दुसरी कारणंही असतात आणि ती वेगळी काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

व्याजदर वाढले की असे शेअर पडतात, कारण लोक डिव्हिडंडची तुलना ठेवीशी करतात. तुमच्या बाबतीत हे कारण लागू होत नाही: रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दर ६.५ वरून खाली आणायला सुरुवात केली आणि त्या डिसेंबरपर्यंत तो ५.२५ वर आला. व्याज उतरत असतानाही शेअर पडला, म्हणजे कारण दुसरीकडे आहे.

सरकारी निर्णयाने नफ्याचं गणितच बदलतं, तो प्रकार जास्त गंभीर. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरी गॅस कंपन्यांना सीएनजीसाठी मिळणारा स्वस्त देशी गॅस लागोपाठ दोनदा कापला गेला. त्याजागी महाग गॅस घ्यावा लागणार होता आणि सीएनजीचा दर तेवढा वाढवणं शक्य नव्हतं. त्या कंपन्यांचे शेअर एका दिवसात कोसळले. सीएनजीची मागणी तशीच होती, डिव्हिडंडचा जुना इतिहासही उत्तम होता.

तिसरं कारण कामं रखडण्याचं. पारेषण लाइनचे पैसे ती चालू झाल्याच्या तारखेपासून मिळतात, तोवर खर्च ताळेबंदात "चालू भांडवली कामं" म्हणून पडून राहतो आणि त्यावर काही मिळत नाही. आपल्याकडे केळीच्या बागेतून किंवा कपाशीच्या शेतातून टॉवर नेताना किती महिने जातात हे तुम्ही पाहिलं असेल. टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमीनमूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला द्यावा, अशी केंद्राची मार्गदर्शक सूचना जून २०२४ मध्ये आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती रास्तच आहे. पण लाइनचं काम स्पर्धात्मक बोलीत ठरलेल्या दराने घेतलं असेल आणि बोली लावताना हा खर्च धरला नसेल, तर भार कंपनीवर येऊ शकतो. वार्षिक अहवालात चालू कामांचा आकडा सलग तीन वर्षं वाढतोय आणि चालू झालेल्या प्रकल्पांचा मात्र वाढत नाही, असं दिसलं तर तो खरा इशारा.

आता मुख्य मुद्दा. डिव्हिडंड हे व्याज नाही. व्याज देणं बँकेवर बंधनकारक आहे, डिव्हिडंड किती द्यायचा ते दर वेळी संचालक मंडळ ठरवतं. आणि तो भावातूनच वजा होतो: ज्या दिवशी शेअर डिव्हिडंडविना व्यवहाराला येतो, त्या सकाळी भाव साधारण तेवढ्याने खाली उघडतो. म्हणून रेकॉर्ड डेटच्या (डिव्हिडंड कोणाला मिळणार हे ठरण्याच्या तारखेच्या) आदल्या दिवशी घेऊन डिव्हिडंड मिळवण्यात कमाई नसते.

वीज कंपनीचा डिव्हिडंड कशावर हलतो ते एका कल्पित हिशेबावरून पाहू. समजा कंपनीचा वर्षाचा नफा १५ हजार कोटी आहे आणि ती वर्षाला ३० हजार कोटींची नवी कामं काढते. त्यातले ७० टक्के कर्ज. उरलेले ३० टक्के, म्हणजे ९ हजार कोटी, नफ्यातूनच काढावे लागतात, कारण घसाऱ्याची (यंत्रांच्या झिजेपोटी धरलेली) रक्कम साधारण जुन्या कर्जाच्या हप्त्यांत जाते. डिव्हिडंडला उरले ६ हजार कोटी, नफ्याच्या ४० टक्के. पुढच्या वर्षी कामं ४० हजार कोटींवर गेली तर स्वतःचे १२ हजार लागतील आणि नफा तेवढाच असला तर ३ हजारच उरतील. नफा घटलेला नसताना डिव्हिडंड घटतो तो असा.

पॉवरग्रिड या केंद्राच्या पारेषण कंपनीने २०२३-२४ साठी शेअरमागे ११.२५ रुपये दिले आणि २०२४-२५ साठी ९ रुपये. दोन्ही वर्षी निव्वळ नफा साडेपंधरा हजार कोटींच्या आसपासच होता. डिव्हिडंड ११.२५ च राहील असं धरून ज्याने घरखर्च बांधला, त्याचं उत्पन्न एका वर्षात पाचव्या हिश्श्याने कमी झालं. कंपनी बुडाली नाही, उलट नव्या लाइनींत पैसा घातला. ही कपात मला वाईट वाटत नाही. पुरेसा पैसा नसताना कर्ज काढून जुना डिव्हिडंड टिकवणारी कंपनी मला जास्त धोक्याची वाटते.

सरकारी कंपनीला खालची मर्यादा आहे हे खरं. नोव्हेंबर २०२४ च्या सुधारित सूचनांनुसार केंद्राच्या कंपनीने निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नेटवर्थच्या (भांडवल आणि साठलेला नफा मिळून होणाऱ्या रकमेच्या) ४ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढा डिव्हिडंड किमान द्यायचा असतो. समजा तुमच्या कंपनीचा शेअरमागे नफा २० रुपये आहे आणि नफ्याचा निकष लागला, तर तळ ६ रुपये. तुमच्या २,४०० शेअरवर १४,४००. घराचं गणित २२,८०० वर न मांडता या १४,४०० वर मांडा. त्याच्या वर जे येईल ते वरकड.

कागद कोणते पाहायचे? कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा एनएसई-बीएसईवरून शेवटचे पाच वार्षिक अहवाल उतरवून घ्या. एका कागदावर पाच वर्षांचा शेअरमागचा नफा आणि शेअरमागचा डिव्हिडंड मांडा. मधे बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) आला असेल तर जुने आकडे दुरुस्त करा. तीनला एक बोनस असेल तर तुमचे तीनाचे चार झाले, म्हणून बोनसआधीच्या प्रत्येक आकड्याला चाराने भागून तीनने गुणा. हे न केल्यामुळे डिव्हिडंड घटला असं वाटून अनेकजण उगाच घाबरतात. मग डिव्हिडंडला नफ्याने भागा. नवी कामं चालू असलेल्या वीज कंपनीत ३५ ते ६० टक्के ठीक मानतो. सलग दोन वर्षं ८० च्या वर आणि सोबत कर्जही वाढतंय, असं दिसलं तर तो डिव्हिडंड टिकणारा नाही.

यानंतर येणी (विकलेल्या विजेचे अजून न आलेले पैसे) बघा. वर्षअखेरची येणी भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५. आयोग खेळत्या भांडवलात ४५ दिवसांची येणी धरतो. आकडा ६०-७० पर्यंत चालेल. ९० च्या पुढे गेला तर वितरण कंपन्या पैसे थकवताहेत असं समजा. जून २०२२ मध्ये विलंब अधिभाराचे (उशिरा भरलेल्या बिलावरच्या जादा आकाराचे) नियम आले, तेव्हा देशातल्या वितरण कंपन्यांची थकबाकी सुमारे १.४ लाख कोटी होती. ती जास्तीत जास्त ४८ हप्त्यांत फेडायची सोय झाली आणि पैसे न देणाऱ्यांची वीजखरेदी रोखता येऊ लागली. तेव्हापासून येणी बरीच सुधारली. म्हणूनच ती पुन्हा फुगायला लागली तर लगेच लक्षात घ्यायला हवं. कर्ज भांडवलाच्या दीड ते सव्वादोन पट असणं या धंद्यात नेहमीचं, कारण सूत्रच ७०:३० चं आहे. तीन पटीच्या वर असेल तर कारण शोधा.

हे सगळं एका दुपारचं काम आहे. मुलगा सुट्टीला येईल तेव्हा दोघं मिळून करा. तो विका म्हणतोय आणि तुम्ही धरा म्हणताय, पण दोघांपैकी कोणीही अहवाल उघडलेला दिसत नाही. आकडे समोर असले की हा वाद बाप-लेकाचा राहत नाही.

आकडे नीट निघाले असं धरून पुढचं सांगतो. (बिघडलेले निघाले तर सगळे विका आणि ३१० विसरा.)

मुलाचं "सगळं विका" मला पूर्ण पटत नाही. तुमचं वय ६१ आहे, घरखर्च आणखी वीस-पंचवीस वर्षं चालायचा आणि पोस्टाचं व्याज महागाईबरोबर वाढत नाही. थोडा पैसा वाढणाऱ्या ठिकाणी हवाच. पण एका शेअरमध्ये एकूण रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त नको. ३२ लाख ४० हजारांचे १० टक्के म्हणजे ३ लाख २४ हजार, आजच्या भावाने १,४४० शेअर. ते ठेवा. ९६० विका, हाती २ लाख १६ हजार येतील. ते आणि मोकळे होणारे ४ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. मर्यादा ३० लाखांची आहे, तुमचे २० लाख १६ हजार होतील. एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के दर चालू आहे. तो दर तिमाहीला जाहीर होतो, म्हणून खातं उघडायच्या दिवशी पोस्टात विचारून घ्या. खातं उघडताना जो असेल तो पाच वर्षं कायम राहतो. रक्कम हजाराच्या पटीत लागते, लाखाच्या वर चेक द्यावा लागतो. मुदतीआधी मोडलं तर पहिल्या वर्षात दिलेलं व्याज परत घेतात, दोन वर्षांच्या आत दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापतात. म्हणून उरलेल्या ६ लाखांच्या ठेवींपैकी किमान १ लाख ७० हजार, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, कधीही मोडता येईल अशा छोट्या ठेवींत ठेवा.

याने घरात काय फरक पडतो? आज व्याज, पेन्शन आणि डिव्हिडंड मिळून वर्षाला २ लाख ४४ हजार ८०० येतात, खर्च ३ लाख ३६ हजार आहे. तूट ९१ हजारांची, ती बटाईच्या भरवशावर. वर सांगितलं तसं केलं तर उत्पन्न २ लाख ५८ हजारांच्या थोडं वर जाईल आणि तूट ७८ हजारांच्या आत येईल. तुमच्या मनातल्या बेताप्रमाणे ४ लाख शेअरमध्ये घातले असते तर तूट १ लाख २ हजारांवर गेली असती. पावसावर अवलंबून असलेलं एक उत्पन्न तुमच्याकडे आधीच आहे. संचालक मंडळाच्या मर्जीवर अवलंबून असलेलं दुसरं एवढं मोठं नको.

९६० एकदम विकले तरी चूक नाही. मन धजत नसेल तर ४८० आता आणि ४८० पुढचा तिमाही निकाल लागल्यावर, पण दुसऱ्या खेपेला "अमुक भाव आला तरच" अशी अट घालू नका. ती अट घातली की विक्री होत नाही, हे मी फार जणांच्या बाबतीत पाहिलं आहे. लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाखाली न विकण्याची) लावा. डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क) विक्रीच्या प्रत्येक दिवसाला लागतो, त्यामुळे वीस-वीस शेअर रोज विकू नका. एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) ०.१ टक्का, म्हणजे सगळे मिळून २१६ रुपये.

कराचं: ९६० शेअरवर ८१,६०० चा तोटा दिसेल. वर्ष उलटून गेल्यामुळे तो दीर्घकालीन, तो फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो आणि मुदतीत रिटर्न भरला तरच आठ वर्षं पुढे नेता येतो. शेअर आणि इक्विटी फंडातल्या दीर्घकालीन नफ्याला वर्षाला सव्वा लाखापर्यंत तसाही कर नाही. तुमच्या फंडातला नफा त्याच्या आतच असेल, म्हणून या तोट्याचा करात फारसा उपयोग नाही. करासाठी म्हणून विकायचं किंवा थांबायचं कारण नाही. रिटर्न मात्र भरा. डिव्हिडंड २०२० पासून तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि एका कंपनीकडून वर्षात १० हजारांहून जास्त असेल तर १० टक्के कापूनच येतो. तुमचे २,२८० कापले गेले असणार. तुमचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली आहे, तेव्हा ते रिटर्न भरून परत मिळतील. पुढच्या वर्षापासून ज्येष्ठांचा स्वयंघोषणेचा फॉर्म (अनेक वर्षं १५एच या नावाने चालत आलेला) कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) पहिल्या रेकॉर्ड डेटच्या आधी द्या. तो दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावा लागतो. बँकेत दिलेला इथे चालत नाही.

उरलेल्या १,४४० शेअरसाठी आजच एका कागदावर लिहून ठेवा की काय घडलं तर तेही विकायचे. माझ्या मते तीन गोष्टी: नवी कामं वाढलेली नसताना डिव्हिडंड सलग दोन वर्षं घटला, येणी ९० दिवसांच्या पुढे गेली, किंवा १ एप्रिल २०२९ पासूनच्या दरनियमांत भांडवलावरचा परतावा मोठ्या प्रमाणात कापला गेला. त्या नियमांचा मसुदा आधी जाहीर होतो, बातमी चुकायची नाही. भाव रोज बघायची गरज नाही. तिमाही निकाल ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या १४ तारखेपर्यंत आणि वार्षिक ३० मेपर्यंत येतात. वर्षात चारदा बघणं पुरे.

अशाच अडचणीतल्या इतरांसाठी थोडं. ज्यांचा पगार चालू आहे, वय चाळिशीच्या आत आहे आणि डिव्हिडंड घरखर्चाला लागत नाही, त्यांनी आकडे चांगले असतील तर धरायला हरकत नाही. मिळालेला डिव्हिडंड त्याच शेअरमध्ये न घालता इंडेक्स फंडात घालावा. ज्यांनी जास्त टक्क्यांसाठी वीज क्षेत्रातल्या इन्व्हिटची (चालू प्रकल्पांची कमाई गुंतवणूकदारांना वाटणाऱ्या ट्रस्टची) युनिटं घेतली, त्यांनी वाटपाची फोड नक्की बघावी. पॉवरग्रिडचा इन्व्हिट मे २०२१ मध्ये १०० रुपयांना आला, वर्षाला युनिटमागे १२ रुपये वाटत राहिला, तरी भाव पुढे इश्यूच्या किमतीखाली गेला. त्या वाटपात व्याज आणि डिव्हिडंडबरोबर कर्जफेडीच्या रूपाने परत आलेलं भांडवलही असतं. ते सगळं उत्पन्न समजून खर्च केलं तर मुद्दलच खर्च होतं. आणि टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर खात्रीच्या डिव्हिडंडचे शेअर सांगणाऱ्याला सेबीचा (शेअर बाजाराच्या नियामकाचा) नोंदणी क्रमांक विचारा, तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. कोणत्याही शेअरचा डिव्हिडंड खात्रीचा नसतो.

शेवटी एक काम याच आठवड्यात करा. डीमॅटला जोडलेलं बँक खातं चालू आहे का आणि बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर नवा आयएफएससी तिथे नोंदलाय का, ते ब्रोकरकडे तपासा. चुकीच्या खात्यामुळे परत गेलेला डिव्हिडंड सात वर्षं घेतला नाही तर तो सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातो. सलग सात वर्षं असं झालं तर शेअरही तिकडे जातात आणि सोडवून आणायला खूप कागदपत्रं लागतात. नॉमिनी म्हणून वहिनींचं नाव आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्या, आणि डीमॅट कुठे आहे, पोस्टाची पासबुकं कुठे आहेत, हे त्यांना दाखवून ठेवा.